तरटेवाडीत न बसलेला आमदार

माझा धंदा दहाव्याचा. माणूस गेला की दहाव्या दिवशी लोकांना माझी आठवण होते. एरवी मी समोरून आलो तर वाट बदलतात. करमाळा तालुक्यातली सीनेकाठची गावं आधी वडिलांकडे होती, मग माझ्याकडे आली. पाळण्यात नाव वेणीमाधव ठेवलं होतं, पण गावोगाव मी वेणूकाका. त्यामुळे आमदार हिंदुराव नलवडे यांच्याबद्दल मी काही बोलायला लागलो की चावडीवरचे शहाणे हसतात. भटाला राजकारणातलं काय कळतं म्हणतात. काही कळत नाही, कबूल. पण ज्या ओढ्यात त्या माणसाची झोप उडाली, त्या ओढ्यात मी दर्भ घेऊन उन्हात बसलो होतो आणि हे शहाणे सावली शोधत होते.

हिंदुराव आधी एसटीत कंडक्टर होते, करमाळा-सोलापूर गाडीवर. कोण दवाखान्यात चाललंय, कोणाची लेक सासरहून एकटीच गाठोडं घेऊन परत येतेय, कोणाचा आज कोर्टात निकाल आहे, हे सगळं त्यांना तिकीट फाडता फाडता कळायचं. वाटेत कोणाची अंत्ययात्रा दिसली की हा बाबा घंटी ओढून गाडी थांबवायचा, खाली उतरून थोडं अंतर खांदा द्यायचा आणि परत येऊन ‘चला’ म्हणायचा. उतारू आधी कुरकुरायचे. पण मरण कोणाच्या घरी येत नाही? ज्याच्या घरचं गेलं तो कुरकुरायचा थांबला, आणि होता होता सगळ्या गाडीचीच कुरकुर थांबली. वरच्या साहेबांची कुरकुर मात्र थांबली नाही. त्यांनी बदलीचा कागद काढला तेव्हा हिंदुरावांनी चामड्याची पिशवी परत केली आणि पंचायत समितीला उभे राहिले. सहज निवडून आले. मग बहात्तर सालच्या विधानसभेला तालुक्यातले दोन बडे पुढारी तिकिटासाठी एकमेकांच्या उरावर बसले. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ. हा कंडक्टर निरुपद्रवी आहे, एवढ्या एकाच मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं आणि हिंदुराव आमदार झाले.

नोकरी सुटली तरी अंगातली गाडी सुटली नाही. बोलताना उजवा हात वर काहीतरी धरायला शोधायचा. जीपमध्ये दांडा, कोणाच्या घरी चौकट, मांडवात मांडवाची मेढ. डाव्या हातातली अंगठी मिळेल त्या लोखंडावर टकटक वाजत राहायची, जुन्या तिकिटाच्या चिमट्यासारखी. खुर्ची पुढे केली की ‘असू द्या की’ म्हणायचे. त्यांच्या मालकिणीला, गोजरबाईंना, मी एकदा विचारलं, घरी तरी बसतात का. ती म्हणाली, “घरी असत्यात कवा?”

आमदार झाल्यावर त्यांनी जुनी रीत सोडली नाही, उलट वाढवली. मतदारसंघात कोणाचा दहावा असो, हिंदुराव हजर. माझी आणि त्यांची गाठ पडायची ती अशी. मी पिंडापुढे बसलेला, ते लोकांच्या मागे उभे. लग्नाला सगळेच पुढारी जातात, तिथे जेवण असतं. दहाव्याला जाणारा पुढारी लोकांच्या लक्षात राहतो. यात त्यांचा हिशेब नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. पण हिशेबाचा माणूस कावळा शिवायच्या आधी जीपकडे निघतो, हे शेवटपर्यंत थांबायचे.

आता तरटेवाडी. गाव लहान, आणि ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की गाव तुटायचं. एसटी अलीकडच्या काठापर्यंत यायची आणि वळून जायची. बाळंतीण असो, साप चावलेला असो, पाणी उतरेपर्यंत काठावर बसायचं. त्या गावात कोंडीबा नावाचा एक शेतकरी होता, आवाज असा की सभेत भोंगा लावायची गरज पडू नये. निवडणुकीच्या वेळी हिंदुराव भाषणाला उभे राहिले की हा मागून ओरडायचा, “पुलाचं काय?” हिंदुराव म्हणायचे, “हुईल की.” त्या निवडणुकीत ते कितीजणांना ‘हुईल की’ म्हणाले असतील ते देव जाणे. मतं पडली, गुलाल उधळला, आणि सगळ्यांचं ‘हुईल की’ गुलालाबरोबर वाऱ्यावर गेलं.

मग दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. माणसं खडी फोडायला, जनावरं छावणीत. त्र्याहत्तरच्या वैशाखात कोंडीबा तापानं गेला. दहावा ओढ्यातच ठेवला. पाणी नव्हतंच. वाळूत खड्डा खणून तांब्याभर गढूळ पाणी काढलं तेव्हा कुठे माझं काम सुरू झालं.

पिंड मांडले. लोक मागे सरले. बायका जरा लांब, बाभळीखाली. कावळा एकच होता आणि तोही बाभळीच्या शेंड्यावर बसून आमच्याकडे पाठ फिरवून. कावळासुद्धा त्या साली छावण्यांच्या मागे गेला होता. शेणात किडे तरी मिळायचे. आमच्याकडे समजूत अशी की मेलेल्याचा जीव कशात अडकला असेल तर कावळा शिवत नाही. मग घरचे लोक एकेक करून पुढे येतात आणि मेलेल्याला शब्द देतात. कोंडीबाचा थोरला पुढे आला, म्हणाला, धाकट्याला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. भाऊ म्हणाला, बांधाचं भांडण मिटवतो. कावळ्यानं पंख खाजवले. जावई काहीतरी पुटपुटला, ते मलाही ऐकू आलं नाही तर कावळ्याला काय येणार. ऊन डोक्यावर आलं. मी पिशवीतून दर्भाच्या काड्या काढल्या. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा आणि घरी जायचं, अशी शास्त्रानं सोय ठेवली आहे. मी गाठ मारायला घेतली. ती गाठ आधी बसली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि मला हे लिहायचं कारण उरलं नसतं.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “कोंडीबा सदा पुलाचं बोलायचा, न्हाय का?”

सगळ्यांनी वळून हिंदुरावांकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांचा उजवा हात वर गेला, पण धरायला तिथे काही नव्हतं. तोंड उतरलं होतं. सभेत दिलेला शब्द आठवला असणार. ते लोकांतून वाट काढत पिंडापुढे आले, चपला काढल्या, तापलेल्या वाळूत उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “कोंडीबा, ह्या वढ्यावर मी पूल बांदतो. पूल होईस्तवर तुज्या तरटेवाडीत मी बूड टेकनार न्हाय. ह्यो माजा शबूद.”

कावळा उतरला. सरळ आला, भाताला चोच मारली, आणखी एकदा मारली आणि घास घेऊन उडून गेला.

लोकांनी श्वास सोडला. कोंडीबाचा भाऊ रडायला लागला. कोणीतरी हिंदुरावांच्या पाया पडलं. मी तिकडे बायकांकडे पाहिलं, कारण आता त्यांनी पुढे यायचं असतं. कोंडीबाची बायको बजाबाई पदराचं टोक तोंडात धरून उभी होती आणि पदराआड तिचे ओठ हलत होते. रडत असेल म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

माझं मत विचाराल तर कावळ्याला भूक लागली होती. पण धंद्याच्या जागी धंद्याचं खरं बोलायचं नसतं.

तिथून हिंदुरावांच्या मागे जे लागलं ते लागलं. जित्या माणसांना दिलेले शब्द त्यांनी इतर पुढाऱ्यांसारखेच पचवले होते. हा पचेना. ते मला स्वतः म्हणाले, “वेणूकाका, कोंडीबा तितं अधांतरी लोंबकळतोय असं वाटतंय. जेवताना घास घेतला की वाटतंय, ह्यो कावळ्याचा.” मुंबईला अधिवेशनात चर्चा साखरेवर असो की शाळांवर, हे उठायचे आणि तरटेवाडीच्या पुलावर यायचे. अध्यक्ष म्हणायचे, सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं. हे उभेच. बाकीचे आमदार त्यांना ‘पूलवाले’ म्हणायला लागले. सोलापुरात आले की कचेऱ्यांच्या व्हरांड्यांतून फिरत राहायचे. साहेब नसला तर परत, असला तर मीटिंगमध्ये, मीटिंग संपली तर जेवायला गेलेला. मी एकदा कामासाठी सोलापूरला गेलो होतो तेव्हा त्यांना पाहिलं. व्हरांड्याच्या गजाला धरून उभे, अंगठी गजावर वाजतेय, आणि आतला कारकून वैतागून म्हणतोय, “साहेब, आत येऊन बसा ना.” आमदार आहेत, बसले असते तर कोणी उठवलं नसतं. मात्र तरटेवाडीपुरता घेतलेला पण अंगात असा भिनला की त्यांना कुठेच बसवेना.

तरटेवाडीत तर ते खरोखरच कधी टेकले नाहीत. तिथल्या लग्नात पंगतीला उभ्यानं एक घास खायचे. ग्रामसभेत उभे. पाऊस आला तर पडवीत उभे. गावाला आधी कौतुक वाटलं, मग त्याची करमणूक झाली, आणि शेवटी ओझं झालं. आपल्या दारात माणूस असा ताटकळत उभा राहिला की घरच्यांनाही बसवत नाही.

आणि बातमी पसरली. हिंदुरावांनी शब्द दिला की कावळा येतो! गावोगाव दहाव्याला त्यांना खास बोलावणी यायला लागली. एका गावात मी पिंड मांडून बसलो, कावळे ढिगानं, आणि एकही खाली येईना. मी हैराण. मग पाहिलं तर ज्वारीच्या ताटांत एकजण गोफण घेऊन लपलेला. जीप यायच्या आत कावळा बसू नये म्हणून दगड सोडत होता. त्यांना आमदाराकडून शाळेच्या खोल्या हव्या होत्या. मेलेल्या म्हाताऱ्याचं शाळेशी काय घेणं होतं? त्यानं जन्मात शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. माझं डोकं असं फिरलं की मी मंत्र सोडून शिव्या दिल्या, आणि मला शिव्या येतात हे त्या दिवशी तालुक्याला कळलं. हिंदुराव आले, त्यांनी गोफण पाहिली. जाताना मला एवढंच म्हणाले, “एक शबूद फेडंना झालाय काका, दुसरा कुटनं आनू?” त्यानंतर दहाव्याला ते लांब उभे राहायचे, ओठ घट्ट मिटून. पण जायचं त्यांनी सोडलं नाही.

पूल मंजूर झाला, तो त्यांनी आमदारकीची निम्मी वर्षं घासल्यावर. खांब उभे राहिले. मग सिमेंट मिळेना. तेव्हा सिमेंट परमिटवर होतं आणि परमिट ओळखीवर. ठेकेदार गेला. खांबांच्या डोक्यांतून निघालेल्या सळया गंजायला लागल्या. ओढ्याला पूर आला की त्या दोन खांबांमधून पाणी घोंगावत जायचं आणि काठावर ताटकळलेले लोक खांबांकडे बघून आमदाराचं नाव घ्यायचे. ते कसं घ्यायचे ते मी लिहीत नाही.

अठ्ठ्याहत्तरची निवडणूक आली. समोर मानसिंगराव होते, साखर कारखान्याचे संचालक, सडपातळ, गोड बोलणारे. त्यांच्या सभांत एकच घोषणा होती, ‘कावळ्याला आश्वासन, माणसाला भाषण’. लोक पोट धरून हसायचे. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. हिंदुराव पडले. तरटेवाडीनंसुद्धा त्यांना पाडलं.

आता सुटले, असं सगळ्यांना वाटलं. पण हरल्यावर त्यांनी केलं काय, तर सोलापुरात खोली घेतली. पूर्व भागात, एका तेलुगू विणकराच्या घरात, पुढच्या बाजूला खोली आणि मागच्या बाजूला विणायचा माग. दिवसभर खटक-खटक, खटक-खटक. गिरणीचा भोंगा झाला की माणूस बाहेर पडायचा आणि कचेरी उघडण्याआधी व्हरांड्यात हजर. आता आमदारकी नव्हती, जीप नव्हती. शिपाईसुद्धा ओळख दाखवेनात. मग बातमी आली की त्यांचे पाय सुजलेत, पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्यात, डॉक्टरनं बजावलंय की उभं राहणं बंद केलं नाही तर पाय जातील.

ही बातमी तरटेवाडीत सांगणारा मीच. तिथे एका कामाला गेलो होतो. बजाबाईच्या गोठ्यापुढे पाणी प्यायला थांबलो. गोठ्यात तिचा बैल होता, बाशिंग्या नावाचा, शिंगं बाशिंगासारखी वर गेलेली म्हणून. कोंडीबाच्या हाताखालचा. पार म्हातारा झाला होता, पेकाटात गेलेला, कामाचा उपयोग शून्य. दुष्काळात व्यापारी दारात आला तेव्हाही तिनं विकला नव्हता. पुढे मुलांनी किती वाद घातला, भावकी हसली, आयत्या बैलाला कडबा घालणारी बाई म्हणून नाव पडलं, तरी दावणीचा कासरा तिनं कोणाच्या हातात दिला नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “असू द्या की. खातोय तर खातोय.”

मी हिंदुरावांच्या पायांचं सांगितलं. तिच्या हातातला कडबा तसाच राहिला. म्हणाली, “काका, मला सोलापूरला न्या.”

“तू कशाला?”

“काम हाय.”

तिनं कडक भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो.  वाटभर मला सारखं वाटत होतं की ही बाई त्या माणसाला बोल लावायला चालली आहे, आणि त्याला आता तेवढंच बाकी आहे. मी दोनदा तिला मागे फिरवायचं ठरवलं आणि दोनदा गप्प बसलो.

खोलीत हिंदुराव उभेच होते. वर माळ्याचा वासा होता, तो धरून. पायांना फडकी गुंडाळलेली. मागे माग चालू, त्यामुळे सगळ्यांनी जरा मोठ्यानंच बोलायचं. बजाबाईला बघताच त्यांचं तोंड पांढरं पडलं. म्हणाले, “वहिनी, सिमेटाचा अर्ज वर गेलाय. ह्या खेपंला नक्की…”

“बसा तुमी,” बजाबाई म्हणाली.

“बसत न्हाय मी.”

“तुमचा पन तरटेवाडीपुरता हाय. सोलापुरात बसायला काय झालं?” एवढं बोलून ती स्वतः जमिनीवर बसली, आणि खाली मान घालून तिनं सांगितलं. “साहेब, कावळा तुमच्या शब्दाला आला न्हाय. त्यो माज्या शब्दाला आला. आमचे मालक पुलासाटी वरडत व्हते ती गावाची गोष्ट. मरताना तापात सारकं एकच, बाशिंग्या छावनीतनं आला का, बाशिंग्याला इकू नका. तुमी पुडं आला तवा मी तिकडं बायकात म्हनत व्हते, इकनार न्हाय, दावनीला मरू दीन पर इकनार न्हाय. तवाच कावळा उतारला. मालकांचा जीव पुलात नव्हता. तुमी मोकळं हायसा.”

माग चालू होता. मला त्या पदराआडच्या हलणाऱ्या ओठांची आठवण झाली. भुकेचा कावळा म्हणणारा मी, पण त्या क्षणी मला तो कावळा कोणासाठी उतरला याबद्दल काडीचीही शंका उरली नाही.

 हिंदुरावांचा आवाज एकदम चढला. “हे आत्ता सांगताय? आमदारकी गेली, पाय गेलं, आन् आत्ता?”

“कवा सांगू?” बजाबाईनं मान वर केली. “गावाला पूल पायजे व्हता. पुराच्या पान्यात माजीच सून अडकली व्हती काठावर, पोटुशी. माज्या तोंडानं नको कसं म्हनू? आन् बाईमानसाला तितं इचारलं कुनी? सगळे गडी बोलून दमले. कुनी म्हनलं का, बजे, तुला काय ठावं हाय?”

 विचारायला हवं होतं ते मी; दहावा मी चालवत होतो.

हिंदुराव वाशाला धरून तसेच उभे होते. वाटलं, आता हा माणूस कोसळतो. पण ते हळू आवाजात बोलायला लागले, मागाच्या आवाजात मला कान पुढे करावा लागला. “वहिनी, सभेत मी हजार जनांना शबूद दिलं. एकाबी शब्दानं माजी झोप मोडली न्हाय. ह्या एकानं मोडली, कारन कावळ्यानं बघितलं हुतं. आता तुमी म्हनताय कावळा माजा नव्हताच. मग माजं ऱ्हायलं काय?” मग वासा घट्ट धरून म्हणाले, “गावाला पूल लागतोच की. कोंडीबाला नको आसंल, मला पायजे. हे पूल होईस्तवर तुमी दोगांनी पोटात ठेवा. गावाला कळलं तर गाव म्हनंल, नलवड्याचा पन खोटा, आन् पुलाचा नाद सोडंल.”

“आन् पाय?” बजाबाई म्हणाली.

“भाकरी आनलीया न्हवं? द्या.”

त्यांनी भाकरी उभ्यानंच खाल्ली. बजाबाई बघत राहिली. परतीच्या गाडीत ती माझ्याशी बोलली, ते एवढंच, “सोडवाय गेले आन् आनकीच आवळून आले.”

पण एक फरक पडला. आधी ते कचेरीत जायचे ते मेलेल्याचा निरोप घेऊन आल्यासारखे, अपराधी. आता स्वतःच्या कामाला गेल्यासारखे जायला लागले. आणि त्यांनी एक गोष्ट केली जी आधी त्यांच्याच्यानं झाली नसती. ते मानसिंगरावांच्या बंगल्यावर गेले. ज्यानं कावळ्याची घोषणा देऊन पाडलं त्याच्या दारात सुजल्या पायांनी उभे राहिले आणि म्हणाले, “पूल तुमी पुरा करा. नाव तुमचं, फीत तुमची. मी त्या दिवशी गावात येनारसुदिक न्हाय.” मानसिंगराव गोड हसले. अशी संधी कोण सोडतो? सिमेंट आलं. कुठून आलं ते विचारू नये. आमदार कारखान्याचा संचालक असला की सिमेंटला रस्ता सापडतो.

एकोणऐंशीच्या पावसाळ्याआधी पूल झाला. उद्घाटनाला मांडव, हार, लाउडस्पीकर. मानसिंगरावांनी भाषणात जनतेच्या आशीर्वादाचा उल्लेख केला, सरकारचा केला, हिंदुरावांचा केला नाही. मला राग आला. मांडवात बसून मी तो गिळला, कारण कोंडीबाच्या थोरल्यानं पूजेला मला बोलावलं होतं. बजाबाई मांडवात आली नाही.

मी त्या दिवशी गावातच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा एसटी ओढ्यावरून गावात शिरली. लोक बघायला जमले. गाडीत जागा रिकाम्या होत्या आणि मधल्या वाटेत वरचा दांडा धरून हिंदुराव उभे होते. कंडक्टर तरणा होता. तो म्हणत होता, “आजोबा, बसा की, एवढी जागा हाय.” गाडी थांबली, ते उतरले. लोक जरा ओशाळले, कोणी कालचाच हार उचलून पुढे आलं. त्यांनी तो हातानंच बाजूला केला आणि थेट बजाबाईच्या गोठ्याकडे निघाले. मी मागोमाग.

बाशिंग्या बसलेला होता. आता त्याला उठवत नव्हतं. बजाबाई त्याच्यापुढे पाणी ठेवत होती. हिंदुरावांनी बैलाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावली आणि खाली बसले. गरम पाण्यात पाय सोडावा तसे, हळूहळू. पाय पुढे पसरले. अंगठीचा हात लोखंडी घमेल्याशेजारी पडला होता, पण वाजत नव्हता. बजाबाईनं चहा आणून ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. 

तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरून एकजण सायकल दामटत पुलावरून आला. तिथे आज आण्णा पाटलांचा दहावा होता आणि माझ्या जागी माझा पुतण्या बसला होता. धापा टाकत म्हणाला, “बरं झालं गावलासा. कावळा शिवंना. ल्योक, भाऊ, जावई, सगळे बोलून दमले. साहेब, तुमी चला. तुमच्या शब्दाला येतोय त्यो.”

सगळे हिंदुरावांकडे बघायला लागले. त्यांचा उजवा हात सवयीनं वर गेला. मला वाटलं, उठले. आता हा माणूस उठणार आणि पुन्हा जन्मभर उभा राहणार.

हात खाली आला. त्यांनी चहाची कपबशी उचलली. “आण्णांची मालकीण हाय का तितं?”

“हाय की. बायकात बसलीया.”

“तिला इचारलं?”

सायकलवाला बघतच राहिला. “तिला काय इचारायचं?”

“आदी तिला इचारा,” हिंदुराव म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

सायकलवाल्यानं सायकल वळवली. बजाबाई माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, तुमी बी जावा संगं. न्हायतर त्यो वाटंत इसरंल.”

मी उठलो. हिंदुराव बसून राहिले.